आठ रुपयांचा हत्ती

वामनशेठ कुलथ्यांनी माझ्या खाटेवर चाळीस हत्ती ओतले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि मी बनियनवर होतो.

हत्ती तांब्याचे होते. अंगठ्याच्या नखाएवढ्या नाण्यांवर सोंड वर करून उभे राहिलेले, सातवाहनांच्या काळातले. शेठनी ते भाजीच्या पिशवीतून आणले होते. नगरच्या सराफबाजारात त्यांचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं आणि दुकान सोडून ते सहसा कुठे जात नसत. मी त्या वर्षी, म्हणजे नव्वद साली, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर नुसताच इतिहास. त्यामुळे बाजारातला एवढा मान्यवर माणूस माझ्या खोलीवर येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मी शर्ट शोधायला लागलो.

"राहू द्या सर," शेठ म्हणाले. "हत्तीही उघडेच आहेत."

त्यांनी काळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, खिशातून भिंग काढलं आणि एक नाणं माझ्यापुढे धरलं.

"सोंडा मोजा."

"दोन."

"ह्याच्या?"

"सोंड एकच आहे. शेपट्या दोन."

"आणि ह्याचे पाय?"

मी मोजले. "सात."

"आठवा कडेच्या बाहेर गेलाय."

पाचव्या हत्तीलाच मला काय ते कळलं होतं. तरी मी बाराव्यापर्यंत मोजत राहिलो, कारण मोजणं थांबवलं की बोलावं लागणार होतं.

"असं होतं बघा," शेठ म्हणाले. "खाली ठसा, वर ठसा, मध्ये तांब्याचा तुकडा. वरून हातोडा. पहिला घाव नीट नाही बसला की दुसरा घालायचा. मधल्या मधे नाणं जरा सरकलं, की हत्ती डबल. दिवसाकाठी शेकड्यांनी पाडायचे, कोण बघतंय. नेवाशाचे झारेकरी नदीची माती धुऊन सोनं शोधतात ना, त्यांना सोनं कमी आणि असले हत्तीच फार सापडतात. मला वजनावर आणून देतात."

"पण माझ्या नाण्यावर दुसरी सोंड फार स्पष्ट आहे," मी म्हणालो.

"हो. घाव चांगला बसलाय."

इथे थोडं मागे जायला हवं. तीन महिन्यांपूर्वी मी शेठच्या दुकानात गेलो होतो. नाण्यांतलं मला काही कळत नव्हतं. आमचे विभागप्रमुख डॉ. बोडखे म्हणाले होते की जागा निघाली आहे, मुलाखत होईल, पण एक तरी शोधनिबंध नावावर हवा. शोध कशाचा लावावा हे त्यांनी सांगितलं नव्हतं. शेठच्या गल्ल्याशेजारी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यातली कोणतीही नाणी दहा रुपयाला. डबा चाळताना माझ्या हाताला हा हत्ती लागला. दोन सोंडा होत्या. एक वर, एक किंचित पुढे, दोन्ही तितक्याच रुबाबदार. मी तो मुठीत झाकला, चेहरा निर्विकार केला आणि शेठना भलत्याच तीन नाण्यांच्या किमती विचारल्या. मग डब्यातली आणखी चार नाणी उचलून त्यांत हत्ती हळूच सोडला आणि पाच नाण्यांचे पन्नासऐवजी चाळीस द्यायला लागलो. शेठ हो म्हणाले. वर चहा पाजला. तो चहा पिताना आपण एका भल्या माणसाला लुबाडतो आहोत याचं मला थोडं वाईट वाटलं, पण चहात आलं चांगलं होतं.

त्या हत्तीवर मी तेवीस पानांचा निबंध लिहिला. 'द्विशुंड गज : सातवाहनकालीन एका अज्ञात संप्रदायाचा शोध.' दोन सोंडांचा हत्ती हा कुणा विस्मृत पंथाचा देव असावा असं माझं म्हणणं. त्यात डॉ. बोडख्यांनी भर घातली की एक सोंड पूर्व समुद्राकडे आणि दुसरी पश्चिम समुद्राकडे असून हे सत्तेच्या विस्ताराचं प्रतीक आहे. या एका वाक्याबद्दल निबंधावर त्यांचं नाव आलं, आणि तेही आधी. वर्णानुक्रमाने, ते म्हणाले. मराठीत बोडख्यांच्या आधी मी, म्हणजे टोकेकर, येतो, पण त्या दिवसापुरती त्यांनी इंग्रजी धरली होती.

निबंध जिल्ह्याच्या इतिहास परिषदेने स्वीकारला. स्मरणिका छापून आली. स्मरणिकेत शेठची पाव पानाची जाहिरात होती, म्हणून पहिली प्रत त्यांना मिळाली आणि एकतीस नंबरच्या पानावर त्यांनी माझ्या हत्तीचा फोटो पाहिला. मग दुकान बंद करून, पिशवी भरून, ते माझ्याकडे आले.

"परवा परिषद आहे, शेठ," मी म्हणालो.

"म्हणून तर आज आलो."

"आता मागे कसं घेणार? कार्यक्रमपत्रिकेत नाव आहे. चौदा तारखेला मुलाखत आहे. हा निबंध गेला तर माझ्याकडे दुसरं काही नाही. पारनेरला मामांची गिरणी आहे, तिथे बसावं लागेल."

"दळणाची?"

"दळणाची."

शेठनी मान हलवली. गिरणीबद्दल त्यांचं वाईट मत नव्हतं, पण मी तिथे बरा दिसणार नाही हे त्यांना पटलेलं दिसलं.

"उभं राहून सांगा," ते म्हणाले. "चूक झाली, हे नाणं दोनदा ठोकलेलं आहे. दोन मिनिटांचं काम. उलट लोक म्हणतील, पोरगा खरा आहे."

"लोक म्हणतील. मुलाखतीची कमिटी नाही म्हणणार."

"तेही आहे."

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

"मी कशाला सांगू? पण निकुंभसाहेब येणार. त्यांच्याकडे असले पंधरा हत्ती आहेत, माझ्याकडूनच नेलेले. ते उठणार. आणि उठले की मला विचारणार." शेठ एकेक हत्ती पिशवीत टाकायला लागले. "मला विचारलं तर मला खोटं नाही सांगता येत, सर. नाण्याच्या बाबतीत नाही. बाकी बोलतो. घरी तर रोजच बोलावं लागतं."

मी म्हणालो, "बघतो."

आपल्याकडे बघतो म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. शेठनाही होतं. त्यांनी टोपी घातली, चादर झटकून दिली आणि गेले.

परिषद एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं काढायची राहून गेली होती, त्यामुळे व्यासपीठावरचे अध्यक्ष बोहल्यावर बसल्यासारखे दिसत होते. दीडशे माणसं असतील. शेठ चौथ्या रांगेत भिंतीकडेला बसले होते आणि त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं वाकून वाकून त्यांच्याशी बोलत होती. हे सगळीकडेच व्हायचं. लोक घरातली जुनी नाणी घेऊन त्यांच्याकडे यायचे, कुणीतरी सांगितलेलं असायचं की लाख रुपये मिळतील. शेठ नाणं भिंगाखाली धरायचे, घरची चौकशी करायचे, आणि लाखाची आशा घेऊन आलेला माणूस नाणं परत खिशात घालून हसत जायचा. हे ते कसं करत ते मला अजून कळलेलं नाही. आणि कुलथ्यांनी खरं म्हटलं म्हणजे खरं, हा तर जिल्ह्यात कायदाच होता. सरकारी संग्रहालयात कुठे नाण्यांचं मडकं सापडलं की तपासायला त्यांना बोलावत. शिक्षण सातवी.

मी निबंध वाचला. पहिली दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही, आणि मला वाटलं, बघतो म्हटलं तेच बरं झालं. मग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले निकुंभसाहेब उठले. धरणांच्या खोदकामात पाया कमी आणि नाणी जास्त पाहिलेला हा माणूस.

"अध्यक्षमहाराज, या हत्तीला सोंड एकच आहे," ते म्हणाले. "नाणं दोनदा ठोकलंय. माझ्याकडे एक आहे, त्याला तीन कान आहेत. त्याचा कुठला संप्रदाय, तेवढं सरांनी सांगावं."

हशा पिकला. तोरणाखाली बसलेले अध्यक्षही हसले आणि मग हसल्याबद्दल खोकले. मी डॉ. बोडख्यांकडे पाहिलं. ते माइककडे वाकले.

"नाण्याची बाजू टोकेकरांनी पाहिलेली आहे," ते म्हणाले. "माझा संबंध फक्त समुद्रांशी."

समोर पहिल्या रांगेत आमच्या संस्थेचे चिटणीस बसले होते, चौदा तारखेच्या कमिटीवर तेच होते. ते हसत नव्हते. कागदावर काहीतरी लिहीत होते.

"नाणं घेतलं कुठून?" अध्यक्षांनी विचारलं.

"कुलथेशेठकडून," मी म्हणालो. हे सांगताना माझा आवाज जरा तक्रारीचा आला. मुद्दाम नव्हे, पण आला.

सगळं सभागृह भिंतीकडे वळलं. निकुंभसाहेब गोंधळले. "शेठ, तुमच्याकडचं? तुम्हाला तर माहीत असणार."

शेठ उठले. टोपी काढली.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"मग तुम्ही ह्यांना सांगितलं नाहीत?"

"नाही सांगितलं. नाणं ह्यांच्या हातात गेलं तेव्हा हे त्याला काय समजतायत ते मला कळलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो, गप्प बसून विकलं. सरांकडे नका बघू, चूक माझी आहे."

लोकांना तोंडावर मारल्यासारखं झालं. निकुंभसाहेबांचा चेहरा तर बघवेना. वीस वर्षं ते या माणसाच्या शब्दावर नाणी घेत आले होते.

"किती घेतलेत हो ह्यांच्याकडून?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कशाने नाही. दुकानात आपण एखादं नाणं हातात धरलं की गिऱ्हाइकाला वेळ द्यावा म्हणून ते जसे बघत, तसं.

"ते मी सांगत नाही," ते म्हणाले.

मी त्या क्षणाचा पुढे बराच अभ्यास केला आहे, माझ्या कोणत्याही निबंधापेक्षा जास्त. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. आठ रुपये. आठ रुपयांसाठी कुणी कुणाला फसवत नाही, हे त्या सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही समजलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता की दोन हजार वर्षांपूर्वीचा अज्ञात देव तुम्हाला आठ रुपयांत मिळतोय असं वाटलं तेव्हा तुम्ही दुकानदाराला काय सांगितलंत. शेठनी किंमत गिळली ती त्यामुळे. मी माइकला धरून उभा राहिलो. चिटणिसांनी लिहिणं थांबवलं होतं आणि ते माझ्याकडे, आयुष्यात पहिल्यांदा, मायेने बघत होते.

मी पाणी प्यायलो.

अध्यक्षांनी समारोपात तरुण संशोधकांच्या बाजारात होणाऱ्या फसवणुकीबद्दल खेद व्यक्त केला. तसा ठरावही झाला, एकमताने. शेठनीही हात वर केला होता.

चौदा तारखेला मुलाखत झाली. चिटणीस म्हणाले, "टोकेकर, तुमच्यासारख्या सरळ माणसाला असा अनुभव यावा याचं वाईट वाटलं." मी मान खाली घातली. त्या मानेचा बराच उपयोग झाला असावा, कारण इतर उमेदवारांचे निबंध माझ्यापेक्षा बरे होते, निदान त्यांतले प्राणी तरी.

नेमणुकीचं पत्र आल्यावर मी पावशेर पेढे घेऊन शेठच्या दुकानात गेलो. वाटेत काय बोलायचं ते तीन वेळा जुळवलं होतं. शेठनी पुडा उघडला, एक पेढा अर्धा मोडला, अर्धा मला दिला.

"अभिनंदन सर. गिरणी वाचली."

"शेठ, त्या दिवशी..."

"चहा घेणार ना?" त्यांनी वर जिन्याकडे पाहून हाक मारली. "अहो, सर आलेत." वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. मथुराकाकू चहा घेऊन खाली आल्या, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पेढा न घेता वर गेल्या.

मी चहा प्यायलो. आलं होतंच. बोलायचं राहिलं ते राहिलंच. पुढच्या रविवारी बोलू म्हटलं आणि पुढच्या रविवारी गेलो. असे सव्वीस वर्षं रविवार आले.

शेठवर कुणी बहिष्कार वगैरे टाकला नाही. आपल्याकडे तसं होत नाही, होतं ते याहून सभ्यपणे होतं. निकुंभसाहेब तीन वर्षं औरंगाबादहून नाणी घ्यायला लागले आणि मग पुन्हा यायला लागले, पण घेतलेलं नाणं एकदा दुसरीकडे दाखवून. संग्रहालयाचं बोलावणं बंद झालं. रविवारी दुकानात जमणारी मंडळी तशीच जमत, तशीच हसत, पण एखाद्या नवख्याला शेठचा पत्ता देताना शेवटी म्हणत, "माणूस देवासारखा. फक्त एकदा दुसऱ्या कुणाला दाखवून घ्या." ते शेवटचं वाक्य मी कित्येकदा ऐकलं. एकदा तर माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी, मला धीर द्यायला म्हणून, शेठ आत गेलेले बघून ते ऐकवलं आणि वर म्हणाले, "तुम्ही मोठ्या मनाचे, सर. एवढं होऊनही येता."

माझ्या मनाचा मोठेपणा शहरात चांगलाच गाजला. मी पुढे कायम झालो, विभागप्रमुख झालो, वर्तमानपत्रांत विनोदी सदर लिहायला लागलो. त्यात ढोंगी माणसांची टिंगल असे. लोक म्हणत, टोकेकरांना माणसातला खोटेपणा बरोबर दिसतो.

शेठ गेले ते दुकानाचं शटर वर करताना. मंगळवार होता. शहात्तर वर्षांचे होते. अंत्ययात्रेला एवढी माणसं होती की सराफबाजारातला रस्ता तासभर बंद पडला, आणि त्या गर्दीतही कुणीतरी कुणाला तरी हत्तीची गोष्ट सांगत होतं.

अकराव्या दिवशी शोकसभा झाली. निकुंभसाहेब आता ऐंशी ओलांडून गेले होते. त्यांना दोघांनी धरून माइकपर्यंत आणलं. ते बोलता बोलता रडले. मुलीच्या लग्नात शेठ चार दिवस कसे राबले होते ते त्यांनी सांगितलं. मग डोळे पुसून म्हणाले, "एक तो प्रसंग सोडला तर या माणसाच्या आयुष्यावर डाग नाही." त्यांच्या नंतरचे वकील म्हणाले, "माणूस म्हटला की एखादी चूक होतेच." तिसऱ्यांनी चुकीचा उल्लेख केला नाही, नुसतं "गुणदोषांसह" असं म्हणाले आणि सगळ्यांनी समजून माना हलवल्या.

माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पत्र्याच्या डब्यापासून. मूठ, चाळीस रुपये, आठ रुपयांचा हिशेब, चहा. खाटेवरचे चाळीस हत्ती. ते मला दोन दिवस आधी सांगायला आले होते आणि मी बघतो म्हणालो होतो. शेठ माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी पाणी प्यायलो. "त्यांनी मला फसवलं नाही," मी म्हणालो. "मी त्यांना फसवायला गेलो होतो."

मला हलकं वाटलं. तेवढ्यात मागून कुणीतरी नाक ओढलं आणि मग टाळ्या सुरू झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या.

निकुंभसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "टोकेकर," ते म्हणाले, "गेलेल्या माणसाला कुणी किती सांभाळून घ्यावं. धन्य आहे तुमची."

"साहेब, मी खरं सांगतोय."

"असू दे, असू दे."

"आठ रुपयांना घेतलं हो मी ते."

"आठ रुपयांसाठी ते भर सभेत चूक कबूल करतील?" ते रडता रडता हसले. "जास्त नका ताणू. तुम्ही कथा चांगल्या लिहिता हे माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात चौकट आली. मित्राचा दोष स्वतःच्या शिरावर घेणारा प्राध्यापक. फोटो माझा होता. शेठचा जागेअभावी गेला असावा. कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला की विद्यार्थ्यांपुढे या विषयावर बोलाल का.

तेराव्यानंतर मी काकूंना भेटायला गेलो. दुकान बंद होतं, बाजूच्या जिन्याने वर गेलो. काकू खिडकीपाशी पाटावर बसल्या होत्या, शेजारी पेपर घडी घालून ठेवलेला. सुनेने चहा आणून ठेवला.

"वाचलं," काकू म्हणाल्या.

"मी खरं सांगितलं, काकू. कुणी विश्वास ठेवला नाही."

"नाही ठेवणार. तुम्ही प्रोफेसर. ते दुकानदार. त्यांनी सांगितलं तेव्हा मात्र लगेच ठेवला होता."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवशी. परिषदेहून आले, टोपी खुंटीला लावली आणि सगळं सांगितलं. मी खूप बोलले. म्हटलं, कोण कुठला पोरगा, त्याच्यासाठी एवढ्या लोकांत खोटं बोललात. तर म्हणाले, एक शब्द खोटा असला तर दाखव."

"म्हणजे?"

"तुम्ही त्या दिवशी दुकानात मूठ झाकून उभे होतात ना. ते त्यांना दिसलं होतं. तुम्हाला काय वाटतंय तेही कळलं होतं. त्यांना गंमत वाटली. म्हणाले, पोरगं आपल्याला गंडवतंय, गंडवू दे, आठ रुपयांत तेवढीच त्याला मजा." काकूंनी पदराने चष्मा पुसला. "मग ते स्मरणिकेत फोटो बघून आले आणि जेवलेच नाहीत. माझ्या गमतीपायी त्याची नोकरी जाईल म्हणाले. तेव्हाच हसून सांगितलं असतं तर एक चहा पिऊन विषय संपला असता. चूक माझी आहे, हेच धरून बसले. तेच तिथे जाऊन बोलले. खोटं काही नाही बोलले ते."

मी परिषदेतलं त्यांचं बोलणं मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं. माहीत होतं. नाही सांगितलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. सव्वीस वर्षं मी ज्याला खोटं समजत होतो त्यात खोटा शब्द नव्हता. शेठ गेल्यावर अकराव्या दिवशी दिलेल्या माझ्या कबुलीजबाबात मात्र एक होता: ते खोटं बोलले असं मी भर सभेत सांगून आलो होतो.

"तुम्ही पेढा घेतला नव्हतात," मी म्हणालो.

"नाही घेतला. मला नव्हतं पटलं. चहा मात्र त्यांनी सांगितलं म्हणून देत होते."

खालून सराफबाजारातला आवाज येत होता. काकूंनी माझा कप पुढे सरकवला, तो गार होत आला होता.

"तुम्ही लोकांत सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "त्यांना कधी म्हणालात का, शेठ, माझं चुकलं?"

"नाही."

"हं."

"त्यांना राग होता का माझा?"

"छे. राग नव्हता. रविवारी तुम्ही गेलात की दुकान आवरून वर यायचे, हातपाय धुवायचे. मी विचारायची, आज तरी बोलले का सर. तर म्हणायचे, नाही. आज वाटलं होतं बोलतील, पण नाही बोलले." त्यांनी घडी घातलेला पेपर बाजूला सरकवला. "म्हणायचे, बोलतील. माणूस बरा आहे. काही जणांना वेळ लागतो."

मला सव्वीस वर्षं आणि वर अकरा दिवस लागले. शेठ सव्वीस वर्षं थांबले होते.